फुलांचीं इंग्रजी नांवें व आपला व्यवहार

गेल्या कार्तिकांत आमच्या पुतण्यानें बियाण्याची एक पुडी मोठ्या हौसेनें घरीं आणिली. पुडीवर जांभळ्या फुलाचें चित्र होतें व त्याखालीं ठळक मराठी अक्षरांत ‘अमेरिकन केशर’ असें छापिलें होतें. त्या पाव किलो दाण्यांस त्यानें जी किंमत मोजिली, तेवढ्यांत चार एकरांचें हरभऱ्याचें बियाणें सहज आलें असतें. विक्रेता परगांवचा होता. त्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. पुतण्यानें विहिरीजवळचें दहा गुंठे रान तयार केलें, एकेक दाणा टोकला, पाणी दिलें व राखणीस माणूस ठेविला. दीड महिन्यानें पानांच्या कडांस काटे फुटूं लागले. तेव्हां आमचा जुना सालगडी बांधावर उभा राहून म्हणाला, ‘‘मालक, ही तर आपली करडीच की!’’

मग पुडी पुन्हां शोधून काढिली. तिच्या पाठीमागें, अगदीं तळाशीं, बारीक इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता : सॅफ्लॉवर. इंग्रजींत केशरास सॅफ्रन म्हणतात आणि करडईस सॅफ्लॉवर. छापणाऱ्यानें खोटें पुढच्या बाजूस लिहिलें व खरें मागच्या बाजूस. पुतण्या बारावीपर्यंत शिकलेला आहे. त्यास अक्षरें वाचितां आलीं, शब्द कळला नाहीं. आम्ही तर घरांतील वडील माणूस, पण आम्हींही पुडी उलटून पाहिली नव्हती.

हा प्रकार एकट्या आमच्याच घरीं घडला असें नव्हे. ‘अमेरिकन केशर’ ह्या नांवाखालीं करडईचें बियाणें भारी दरानें विकल्याचे प्रकार देशांत ठिकठिकाणीं उघडकीस आले आहेत. त्यांत फसणारा शेतकरी आळशी किंवा अडाणी असतो असें म्हणतां येत नाहीं; बहुधा नवें कांहीं करूं पाहणारा, चार पैसे गांठीस असलेला, असाच तो असतो. वास्तविक केशराचें बीं म्हणून कांहीं वस्तु जगांत नाहीं. केशराचें झाड वांझ असतें, त्यास बीं धरत नाहीं. काश्मिरांत पांपोरच्या बाजूस त्याची लागवड होते ती कांद्यासारख्या लहान कंदांनीं. एका फुलांत तीन तांबडे तंतु निघतात, तेंच केशर. आणि एक किलो सुकें केशर मिळण्यास सुमारें दीड लाख फुलें खुडावीं लागतात. सबब कोणी ‘केशराचें बियाणें’ म्हणून दाणे पुढें केले, तर तेथेंच व्यवहार थांबवावा.

ह्या प्रसंगानंतर आम्हीं एक वही घातली. तिच्या पहिल्या रकान्यांत फुलाचें आपल्याकडील नांव, दुसऱ्यांत इंग्रजी नांव, तिसऱ्यांत ओळखण्याची खूण व चौथ्यांत शेरा, अशी मांडणी आहे. वर्षभरांत साठ-सत्तर नोंदी झाल्या. त्यांपैकीं ज्या आपल्या शेतीच्या कामीं पडतील अशा कांहीं येथें देत आहों.

कोणी म्हणेल, आम्हांस इंग्रजी येत नाहीं, मग नांवें कशीं शिकावीं? आमचेंही शिक्षण मराठी शाळेंतच झालें व इंग्रजी वर्तमानपत्र आम्हांस आजही सरळ वाचितां येत नाहीं. परंतु नांवें शिकण्यास भाषा यावी लागते असें नाहीं. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं दप्तराची भाषा उर्दू. आपल्या आज्या-पणज्यांस त्या भाषेंत चार ओळींचें पत्र लिहितां येत नव्हतें. पण तहसील, जमाबंदी, खरीप, रब्बी, नजराणा हे शब्द त्यांस बिनचूक ठाऊक होते, कारण त्या शब्दांवर त्यांची जमीन अवलंबून होती. आज ते शब्द मराठी नव्हेत असें कोणास वाटतही नाहीं. फुलांच्या नांवांतही तोच प्रकार झालेला आहे. गुलाब, गुलछडी, गुलबक्षी ह्यांतील ‘गुल’ हा फारसी आहे. पुढें इंग्रजी अंमल आला, बियाण्यांच्या याद्या आल्या, आणि ‘गेलार्डिया’ ह्या फुलाचा आपल्या माळ्यांनीं गलांडा केला व तो बाजारांत बसविला. ज्यानें गलांडा म्हटलें त्यानें एक इंग्रजी नांव शिकून टाकिलें, फक्त त्यास तें कळलें नाहीं.

महसूल खात्यांत कारकुनी करितांना आमच्या मनावर एक गोष्ट ठसली, ती ही कीं नुसत्या नांवावरून माणूस ओळखूं नये व शेतही ओळखूं नये. एका गांवीं एकाच नांवाचे तीन खातेदार असतात. एका खातेदाराचीं दोन नांवें असतात व मध्यें ‘ऊर्फ’ घालावें लागतें. ‘माळाचें रान’ म्हणून प्रसिद्ध असलेलें शेत प्रत्यक्षांत ओढ्याकांठीं निघतें. म्हणून बापाचें नांव, गट नंबर व चतुःसीमा पाहिल्यावांचून सही करावयाची नसते. इंग्रजी फुलांच्या नांवांत हे तिन्ही घोटाळे पुरेपूर आहेत, आणि ज्यानें फेरफाराची नोंद एकदां तरी काळजीपूर्वक वाचिली आहे त्यास ते समजण्यास अडचण पडूं नये.

प्रथम झेंडूचें पाहूं. कारण दसरा-दिवाळीस आपल्या भागांत सर्वांत जास्त खपणारें फूल तेंच. झेंडूस इंग्रजींत मॅरिगोल्ड म्हणतात. ह्या शब्दाचा अर्थ मेरीचें सोनें, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या मातेचें सोनें, असा आहे. पण इंग्लंडांत हें नांव मुळांत झेंडूचें नव्हेच. तें कॅलेंड्युला नांवाच्या नारिंगी फुलाचें. झेंडू मागून आला व त्यानें तें नांव बळकाविलें. हल्लीं कॅलेंड्युलास पॉट मॅरिगोल्ड म्हणतात. हें थंडींत येणारें, वाफ्यांत शोभणारें फूल आहे. हाराच्या बाजारांत त्यास झेंडूची जागा घेतां येत नाहीं. तेव्हां यादींत ‘पॉट’ हा शब्द दिसल्यास तो कुंडी किंवा मडक्याच्या आकाराविषयीं आहे असें समजून पुढें जाऊं नये. तें निराळेंच झाड आहे.

खुद्द झेंडूचे दोन प्रकार यादींत येतात : आफ्रिकन मॅरिगोल्ड व फ्रेंच मॅरिगोल्ड. नांवावरून एक आफ्रिकेंतला व दुसरा फ्रान्सचा असें वाटतें. दोन्ही मेक्सिकोकडचे आहेत! १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेस पोंचला, त्यापूर्वीं आपल्या देशांत झेंडू नव्हता. आज त्यावांचून तोरण होत नाहीं. आफ्रिकन म्हणजे आपला उंच वाढणारा, मोठ्या गेंदेदार फुलांचा झेंडू; हारास व तोरणास तोच. फ्रेंच म्हणजे बुटका, लहान फुलांचा, बहुधा पाकळ्यांवर तांबूस छटा असलेला; तो बागेच्या कडेस लावण्याजोगा. दसऱ्याचा बाजार धरावयाचा आणि पुडी फ्रेंचची आणावयाची, म्हणजे फुलें येतील पण व्यापारी हात लावणार नाहीं. हाच अनर्थ ‘ड्वार्फ’ ह्या एका शब्दानें होतो. ड्वार्फ म्हणजे बुटकें. टॉल म्हणजे उंच. हे दोन शब्द प्रत्येकानें पाठच करावेत.

झेंडूविषयीं आणखी एक नोंद शेऱ्याच्या रकान्यांत आहे. टोमॅटोच्या ओळींत झेंडू लाविल्यास फळें पोखरणारी हिरवी अळी त्याच्याकडे ओढली जाते, व त्याच्या मुळांतून निघणाऱ्या द्रव्यानें जमिनींतील सूत्रकृमि कमी होतात. तेव्हां ज्यास फुलें विकावयाचीं नाहींत त्यासही हें नांव उपयोगाचें आहे. विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या पत्रकांत ‘मॅरिगोल्ड’ दिसल्यास तें पत्रक माळ्यासाठीं आहे असें समजून बाजूस टाकूं नये.

शेवंतीचें इंग्रजी नांव मात्र भल्याभल्यांची जीभ अडखळविणारें आहे : क्रिसॅन्थेमम. तें ग्रीक भाषेंतून आलें असून त्याचा अर्थ सोन्याचें फूल. लिहितांना आरंभीं सी व एच हीं अक्षरें येतात, म्हणून नवशिका ‘च’ वाचतो. येथें त्यांचा उच्चार ‘क’ होतो. कंटाळून इंग्रज लोकच पुष्कळदां नुसतें ‘मम’ म्हणतात. शेवंतीच्या भाऊबंदांपैकीं एक पांढरें, साध्या पाकळ्यांचें फूल आहे, त्याचें नांव पायरेथ्रम. त्याचीं सुकीं फुलें कुटून कीटकनाशक भुकटी करीत असत. पुढें रसायनशास्त्रज्ञांनीं त्यांतील द्रव्याचें अनुकरण करून कृत्रिम औषधें बनविलीं, तीं पायरेथ्रॉइड वर्गाचीं. सायपरमेथ्रिन हें त्यांतलेंच. कापसावर ज्यानें तें फवारिलें असेल त्यानें एका फुलाच्या वारसाचाच उपयोग केला आहे, हें डबीवरचें नांव नीट वाचिल्यास ध्यानांत येतें.

मोगऱ्याच्या घराण्यांत ‘ऊर्फ’चा घोळ आहे. इंग्रजी जॅस्मिन हा शब्द फारसी ‘यासमीन’वरून गेलेला. आपल्या गांवांत यासमीन नांवाच्या लेकीबाळी आहेत, तेव्हां हें नांव विसरण्याचें कारणच नाहीं. जाई, जुई, सायली, कुंद व मोगरा हीं सर्व जॅस्मिन होत. खुद्द मोगऱ्यास अरेबियन जॅस्मिन म्हणतात, जरी तो अरबस्तानचा नसून आपल्याच बाजूचा आहे. इतपर्यंत ठीक. पुढें पारिजातकास नाईट जॅस्मिन म्हणतात, आणि रातराणीस नाईट ब्लूमिंग जॅस्मिन. दोहोंत एका शब्दाचा फरक. पारिजातक हा मोगऱ्याचा भाऊबंद खरा, पण त्याचा पोटहिस्सा निराळा आहे. रातराणी तर वांगें-मिरचीच्या कुळांतली आहे, तिचा त्या खात्याशीं कांहीं संबंध नाहीं. रोपवाटिकेंत रोप मागवितांना हीं नांवें वापरूं नयेत, मराठी नांवच सांगावें. इंग्रजी नांव केव्हां वापरावयाचें नाहीं हें कळणें हाही शिकण्याचाच भाग आहे.

लिलीचेंही असेंच. फुलांच्या बाजारांत आपण ‘लिली’ म्हणतों ती पांढऱ्या लांब कळ्यांची, जुडीनें विकली जाणारी. तिचें पुरें नांव स्पायडर लिली, म्हणजे कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची लिली. कुमुद तें वॉटर लिली. कमळ मात्र लोटस. त्यास लिली म्हणूं नये. आणि कळलावी ही ग्लोरी लिली. श्रावण-भाद्रपदांत कुंपणावर चढून पिवळ्या-तांबड्या ज्वाळेसारखें तिचें फूल येतें. हें तमिळनाडूचें राज्यफूल आहे व तेथें औषधी बियांसाठीं तिची शेतीही होते. पण तिचा कंद जहाल विषारी असून तो पोटांत गेल्यास माणूस दगावतो. नुसत्या ‘लिलीचे कंद’ एवढ्या शब्दांवर कोणाकडून कंद घेणें म्हणजे चतुःसीमा न पाहतां खरेदीखत करणें होय.

गुलछडी किंवा निशिगंध ह्याचें इंग्रजी नांव ट्यूबरोज. आम्ही प्रथम समजलों कीं ट्यूब म्हणजे नळी, रोज म्हणजे गुलाब, नळीसारखा गुलाब. फूल नळीसारखें आहेच, म्हणून खातरजमाही झाली. पुढें कळलें कीं मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कंद असलेली’ इतकाच आहे, गुलाबाचा त्यांत गंधही नाहीं. ह्या नांवांत एक मोठी सोय आहे, कीं लागवड कशानें करावयाची तें नांवच सांगतें. यादींत सिंगल व डबल असे दोन प्रकार असतात. डबल म्हणजे दुप्पट उत्पन्न नव्हे! पाकळ्यांचे थर एकाहून जास्त आहेत इतकाच अर्थ. हाराकरितां सुटीं फुलें विकावयाचीं तर सिंगल, फुलदाणीच्या दांड्या विकावयाच्या तर डबल, असा साधारण हिशेब आहे.

अॅस्टर म्हणजे ग्रीक भाषेंत तारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें ह्याचे ‘फुले गणेश’ नांवाचे वाण काढिले आहेत. पुडीवर इंग्रजी पी व एच अक्षरांनीं आरंभ होणारा शब्द दिसतो तो ‘फुले’. तो महात्म्याच्या आडनांवाचा आहे, ‘फुलें’ ह्या अर्थाचा नाहीं. आमच्या एका स्नेह्यानें ‘फुले’ म्हणून गव्हाच्या वाणाची पुडी पाहिली व गव्हास फुलें कसलीं म्हणून दुकानदाराशीं वाद घातला होता.

माणसांच्या नांवांवरून पडलेलीं नांवें पाठ करण्यास जड जातात, कारण त्यांत खूण कांहींच नसते. डेलिया हें स्वीडनच्या डाल नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून, झिनिया जर्मनीच्या झिन नांवाच्या वैद्यकाच्या पंडितावरून, आणि बोगनवेल ही बूगेनव्हील नांवाच्या फ्रेंच दर्यावर्दीवरून. आपण तिच्यास ‘वेल’ जोडून मराठी केलें तें बरें केलें. हरितगृहांतील जरबेराही गेर्बर नांवाच्या जर्मनाचें स्मरण आहे. ग्लॅडिओलस मात्र लॅटिन शब्द. अर्थ लहान तलवार. पानें पाहिल्यावर हें नांव पुन्हां सांगावें लागत नाहीं.

घरादारांतल्या फुलांस कांहीं नांवें गमतीचीं आहेत. जास्वंदीस शू फ्लॉवर म्हणतात, कारण तिच्या पाकळ्या चोळून बुटांस काळी तकाकी आणीत असत. देवाच्या फुलास जोड्याचें नांव मिळालें हें आमच्या घरांतील मंडळींस मुळींच रुचलें नाहीं. गुलबक्षीस फोर ओ-क्लॉक म्हणतात. ती चारच्या सुमारास उमलते. कोंबड्यास कॉक्सकोंब, म्हणजे कोंबड्याचा तुराच. तेरड्यास टच-मी-नॉट, कारण पिकलेल्या बोंडास हात लागतांच तें फुटून बिया उडतात. सूर्यफूल व सनफ्लॉवर हे तर शब्दास शब्द आहेत. सदाफुलीस पेरिविंकल म्हणतात व रोपवाटिकेंत ती व्हिंका ह्या नांवानें मिळते. ही मूळची मादागास्कर बेटाची. हिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन हें औषध निघतें व मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर तें दिलें जातें. पण म्हणून घरीं पाला चावून खाण्याचें धाडस कोणीं करूं नये, तो विषारी आहे. कण्हेर म्हणजे ओलिअँडर. पिवळी कण्हेर किंवा बिट्टी म्हणजे यलो ओलिअँडर. दोन्ही विषारी. गोठ्याच्या कुंपणास कण्हेर लावणाऱ्यानें छाटलेल्या फांद्या जनावरांपुढें पडूं देऊं नयेत.

आतां जीं फुलें कोणी मागवीत नाहीं, पण जीं आपल्या शेतांत न बोलावितां येतात त्यांकडे वळूं. कारण तणनाशकाच्या डबीवर त्यांचींच इंग्रजी नांवें छापिलेलीं असतात. गाजरगवत हें पार्थेनियम. पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास त्याची प्रथम नोंद झाली व आज तें प्रत्येक पडीक जागीं आहे. त्यास काँग्रेस ग्रास असेंही म्हणतात, पण तें ग्रास म्हणजे गवत नव्हे, रुंद पानाचें तण आहे. हा भेद केवळ शब्दाचा नाहीं. गवतवर्गीय तणांवरचें औषध त्यावर मारिल्यास तें हसत उभें राहतें आणि पैसे मात्र जातात. घाणेरीस लॅन्टाना म्हणतात. पिवळा धोत्रा हा मेक्सिकन पॉपी किंवा आर्जेमोन. त्याचें बीं मोहरीसारखें दिसतें, व त्याची भेसळ मोहरीच्या तेलांत झाल्यामुळें १९९८ सालीं दिल्लींत जलोदरासारख्या सुजेच्या रोगाची मोठी सांथ आली, कित्येक माणसें मेलीं. ज्वारींतला टारफुला म्हणजे विचवीड, चेटकिणीचें तण. लहानसें पांढरें फूल दिसावयास गोजिरवाणें असतें, आणि खालीं तें ज्वारीच्या मुळांतून रस ओढीत असतें. ह्या नांवाइतकें नेमकें नांव आमच्या वहींत दुसरें नाहीं.

कापसाच्या पात्यांविषयीं एक नांव अवश्य ध्यानांत ठेवावें. गुलाबी बोंडअळी फुलांत शिरली, कीं पाकळ्या उमलत नाहींत व फूल मिटल्यासारखें गुलाबाच्या कळीप्रमाणें राहतें. आपण त्यास डोमकळी म्हणतों; इंग्रजी पत्रकांत तें रोझेट फ्लॉवर म्हणून येतें. रोझ शब्द पाहून फुलशेतीचें पत्रक म्हणून तें फेकून देणारा एक इसम आम्हांस ठाऊक आहे. डोमकळ्या दिसतांच तोडून अळीसकट नष्ट कराव्या, असें त्या पत्रकांत होतें.

इतकीं नांवें जमविल्यावर आमच्याही मनांत आलें, कीं एकाच फुलास चार नांवें व एका नांवाचीं चार फुलें, तर ह्यास अंत काय? अंत आहे. लिनीयस नांवाच्या स्वीडनच्या पंडितानें १७५३ सालीं प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें लॅटिन नांव देण्याची पद्धति घातली. तें नांव म्हणजे त्या वनस्पतीचा गट नंबर होय. बोलीं कितीही असोत, गट नंबर एकच. केशर म्हणजे क्रोकस सॅटायव्हस. करडई म्हणजे कार्थॅमस टिंक्टोरियस. पुडीवर दुसरें नांव असल्यास पहिल्याचें चित्र कितीही सुंदर असो, दाणा करडईचाच आहे. बियाणें महाग असेल तेव्हां विक्रेत्याकडून हें दोन शब्दांचें नांव पावतीवर लिहून घ्यावें. तो लिहून देण्यास कां-कूं करील तर तेवढ्यावरच निकाल लागला.

ह्या कामांत आपल्याकडील लोकांचाही हात आहे. सतराव्या शतकांत मलबारच्या डच गव्हर्नर व्हान र्‍हीड ह्यानें तेथील वनस्पतींचा बारा भागांचा ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ च्या दरम्यान ॲमस्टरडॅम येथें छापून निघाला. त्याचें नांव ‘हॉर्टस मलबारिकस’. त्यासाठीं माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य व कोचीन येथील रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोंकणी वैद्य होते. त्यांतील चित्रांवर लॅटिन, मल्याळम् व अरबी लिपींबरोबर नागरी लिपींत कोंकणी नांवेंही कोरिलेलीं आहेत. पुढें लिनीयसानें त्या ग्रंथाचा उपयोग केला. म्हणजे परक्यांनीं आपलीं नांवें आमच्याकडून शिकून घेतलीं. आपण त्यांचीं शिकलों तर त्यांत कमीपणा कसला? आपल्या प्रदेशापुरतें पाहावयाचें तर वि. ना. नाईक ह्यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा ग्रंथ १९९८ सालीं औरंगाबादेहून प्रसिद्ध झाला. आपल्या बांधावरच्या झाडांचे गट नंबर त्यांत सांपडतात.

शिकविण्याच्या पद्धतीबद्दल थोडें. आमच्या नातीस शाळेंत फुलांचीं इंग्रजी नांवें शिकवितात : रोज, लोटस, लिली, ट्यूलिप, डॅफोडिल. परभणीच्या उन्हांत डॅफोडिल कोणीं पाहिलें आहे? तिनें तें नांव घडाघडा म्हटलें, आणि दाराशींच्या करडईकडे बोट दाखवून विचारिलें तर ‘‘येलो फ्लॉवर’’ म्हणाली. आम्हीं तिला वही दिली व सांगितलें, कीं रोज एक फूल तोडून आणावें, त्याचें नांव आम्हीं मराठींत सांगावें व तिनें इंग्रजींत शोधावें. आतां स्पेलिंग तिच्याकडे व ओळख आमच्याकडे, अशी वांटणी आहे. ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारें मूल आहे त्यांस दुसऱ्या शिक्षकाची जरुरी नाहीं.

पुडीवरचे आणखी तीन-चार शब्द फुलांच्या नांवाइतकेच महत्त्वाचे आहेत. ॲन्युअल म्हणजे एका हंगामांत संपणारें व पेरेनियल म्हणजे वर्षानुवर्षें राहणारें. मिक्स्ड म्हणजे रंगांची सरमिसळ; बाजारास एकच रंग हवा असल्यास ही पुडी घेऊं नये. एफ-वन म्हणजे संकरित. त्याचें बीं घरीं धरून पुढल्या वर्षीं पेरल्यास तीं फुलें येत नाहींत. जर्मिनेशन म्हणजे उगवण, व त्यापुढें शेकडा आंकडा असतो. ट्रीटेड म्हणजे विषारी औषध चोळलेलें. असें उरलेलें बीं कोंबड्यांपुढें टाकूं नये.

पुतण्याच्या दहा गुंठ्यांचें पुढें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. त्यानें तें मोडण्याचें ठरविलें होतें. आम्हीं त्यास थांबविलें, कारण करडई हें पीक कांहीं टाकाऊ नव्हे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठानें तिच्यावर पुष्कळ काम केलें असून ‘परभणी कुसुम’ हा वाण येथलाच आहे. कुसुंब्याचा तांबडा रंग पूर्वीं हिच्याच पाकळ्यांपासून निघत असे. लॅटिन नांवांतील ‘टिंक्टोरियस’ ह्याचा अर्थच रंगाऱ्यांचें असा आहे. विलायतेंत १८५६ सालीं कृत्रिम रंगांचा शोध लागला व तो धंदा बसला. अलीकडे सुक्या पाकळ्यांचा चहा करण्याची चाल पुन्हां निघाली आहे. दाणे भरूं लागल्यावर व पाकळ्या सुकूं लागल्यावर त्या काढिल्यास तेलाच्या दाण्यास धोका पोंचत नाहीं. मात्र हाताचें काम काट्यांमुळें जिवावर येतें. त्यासाठीं फलटणच्या निंबकर संस्थेनें ‘नारी-६’ हा बिनकाट्याचा वाण काढिला आहे. पुतण्याची पुडी काटेरी निघाली. तरी त्याच्या आईनें हातांस जुनें कापड गुंडाळून चार दिवस सकाळीं पाकळ्या वेंचल्या, त्या एका बरणीभर झाल्या. फाल्गुनांत करडई काढिली, घाण्यावर नेली, व घरापुरतें तेल झालें. पुडीचा पैसा त्यांत निघाला नाहीं, निघणारही नव्हता. ती रिकामी पुडी आम्हीं वहीच्या पहिल्या पानावर, मागची बाजू वर करून, चिकटविली आहे.